सोपाऱ्याचे शिलालेख आणि पदवीचा प्रकल्प

पदवीच्या वर्गात बसणाऱ्या मुलामुलींनी संशोधन करावे आणि त्यांच्यातून नेतृत्व घडावे, ही भाषा आज विद्यापीठाच्या परिपत्रकांतून, महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिकांतून आणि उद्घाटनाच्या भाषणांतून सर्रास ऐकू येते. तिला विरोध करण्याचे कारण नाही. ज्या समाजाला दोन हजार वर्षे शिकू दिले नाही, त्या समाजातली पहिली-दुसरी पिढी आज पदवीपर्यंत आली आहे. तिच्या हाती संशोधनाचे हत्यार यावे आणि तिने स्वतःचे नेतृत्व स्वतः करावे, हे तर आपल्या चळवळीचेच म्हणणे आहे. प्रश्न वेगळा आहे. ज्या संशोधनाची आणि ज्या नेतृत्वाची ही भाषा आहे, ते नेमके कोणते? ते कोणाच्या प्रश्नातून निघते आणि कोणाच्या दाराशी जाऊन थांबते?

मी हा विचार वसई-विरारपुरता मांडणार आहे. एक तर मी याच भागात वावरतो, इथल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या गेली काही वर्षे वाचत आलो आहे. आणि दुसरे असे की, या विषयाचे सारे ताणेबाणे इथे एकाच ठिकाणी पाहायला मिळतात. पश्चिमेला वाड्या, मिठागरे, किल्ला आणि चर्च. रुळांच्या पूर्वेला नालासोपाऱ्याच्या चाळी, वालीव-सातिवली-गोखिवऱ्याचे गाळे, आणि त्यापलीकडे कामण, शिरसाड, मांडवीकडचे वारली-कातकऱ्यांचे पाडे. २००९ साली इथे महानगरपालिका आली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. विद्यापीठ मात्र मुंबईचेच राहिले. इथला विद्यार्थी विद्यापीठाशी जोडलेला आहे तो बहुधा परीक्षेच्या बैठक क्रमांकाने. कलिन्याचे ग्रंथालय त्याने पाहिलेले असतेच असे नाही.

१

संशोधन आणि नेतृत्व या दोन गोष्टींचा विचार करायला वसईकराला दूर जायला नको. त्याच्या घराजवळ, सोपाऱ्यात, त्या दोन्ही गोष्टी दगडावर कोरून ठेवलेल्या होत्या.

१८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा बुरुड राजाचा कोट खणला. लोक ज्याला कोट म्हणत होते, तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच सुमारास अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडा इथे हाती आला. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. तुकडेच ते, पण गिरनारसारख्या ठिकाणी हे लेख पुरे वाचायला मिळतात, म्हणून त्यांत काय म्हटले आहे ते आपल्याला ठाऊक आहे.

या दोन सालांकडे वाचकांनी जरा थांबून पाहावे. १८८२ हे जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले ते साल. शेतकऱ्याच्या घामातून सरकारी तिजोरी भरते आणि तो पैसा वरच्या जातींच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे त्यांनी त्या निवेदनात स्पष्ट मांडले. आणि १९५६ हे नागपूरच्या दीक्षेचे साल. सालांच्या या जुळण्याला मी कोणताही दैवी अर्थ चिकटवीत नाही. तसे करणे आपल्या धम्मात बसत नाही. पण इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून एक गोष्ट कळावी. ज्या वर्षी आपल्या भूमीतला बौद्ध अवशेष विद्वानांच्या पत्रिकेत गेला, त्याच वर्षी त्या भूमीवर राबणाऱ्याला शाळा का मिळत नाही, हा प्रश्न फुले विचारीत होते. ज्ञान वर येत होते; ज्ञाता मात्र खालीच होता.

आठव्या लेखात अशोक सांगतो की, पूर्वीचे राजे विहारयात्रेला निघत, शिकारी करीत. राज्याभिषेकाला दहा वर्षे झाल्यावर तो स्वतः संबोधीच्या स्थळी गेला आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाल्या. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांची आणि वृद्धांची भेट होते, दान होते. शिवाय जनपदातल्या, म्हणजे खेड्यापाड्यांतल्या लोकांची भेट होते, त्यांच्याशी धम्माविषयी बोलणे होते, विचारपूस होते. नवव्या लेखात तो मंगलकार्यांविषयी बोलतो. आजारपणात, लग्नात, मूल जन्मल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना विधी करतात. त्यांतले पुष्कळसे क्षुद्र आणि निरर्थक असतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल कोणते, तर दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम.

अशोक राजा होता, त्याचे साम्राज्य दंडावरही उभे होते, हे मी विसरत नाही. तरीही आपल्या विषयापुरते या दोन लेखांतून दोन निकष मिळतात. पहिला असा की, शिकार सोडून लोकांत जावे आणि त्यांना विचारावे. दुसरा असा की, विधी सोडावा आणि राबणाऱ्या माणसाशी आपण कसे वागतो ते पाहावे. पदवीच्या संशोधनाला आणि नेतृत्वाला मी हेच दोन निकष लावतो.

२

आजची व्यवस्था काय आहे ते थोडक्यात पाहू. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. दत्तक गाव, सात दिवसांचे शिबिर, ठरावीक तास. २००६ साली राज्यपाल-कुलपतींच्या पुढाकाराने आविष्कार ही आंतरविद्यापीठीय संशोधन स्पर्धा सुरू झाली. तिच्यात पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र गट आहे. आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार, २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही, पदवीच्या आराखड्यात क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग, कार्यानुभव यांना श्रेयांक दिलेले आहेत आणि चौथ्या वर्षाला संशोधनासह ऑनर्सची वाट ठेवलेली आहे. कागदावर हे सारे चांगले आहे. आविष्कारमुळे एखाद्या पाड्यातली मुलगी आपला तक्ता घेऊन परीक्षकांसमोर उभी राहते आणि इंग्रजी येत नसताना आपले म्हणणे मांडते, याचे मोल मी कमी लेखणार नाही.

पण लेखन म्हणून या प्रकल्पवह्यांकडे पाहिले, तर काय दिसते? आपण कवितेची, कथेची, आत्मकथनाची समीक्षा करतो. प्रकल्पवहीची कधी करीत नाही. वास्तविक आज दलित-आदिवासी तरुणाच्या हातून सर्वात जास्त संख्येने लिहिला जाणारा गद्यप्रकार हाच आहे. त्याची समीक्षा झाली पाहिजे.

या वहीचा साचा ठरलेला आहे. प्रस्तावना, उद्दिष्टे, गृहीतके, नमुना निवड, तक्ते, निष्कर्ष, शिफारशी. प्रस्तावना बहुधा कोठून तरी उतरवलेली. प्रश्नावली शंभर जणांची. शंभर का, याचे कारण एवढेच की टक्के काढायला सोपे. मग वर्तुळाचे रंगीत तुकडे. निष्कर्ष असा की, अमुक टक्के लोकांना पाण्याची समस्या जाणवते. शिफारस अशी की, शासनाने लक्ष द्यावे आणि लोकांमध्ये जनजागृती करावी.

वही लिहिणारा मुलगा नालासोपारा पूर्वेच्या चाळीत राहतो. टँकर कधी येतो, पाण्यासाठी कोणाची आई रात्री किती वाजता उठते, मीटर कोणाच्या नावावर आहे, पैसे कोणाला द्यावे लागतात, कोणत्या गल्लीला शेवटी पाणी मिळते आणि त्या गल्लीत कोण राहते, हे सारे त्याला पाठ आहे. वहीत त्यातले काहीही येत नाही. वहीत येते ते असे की, अभ्यासक्षेत्रात पाण्याची टंचाई आढळून आली. कोणाला आढळून आली? वाक्यातून कर्ताच नाहीसा झाला आहे. वाक्यातला हा कर्ता नाहीसा करायला आपल्या शिक्षणाने त्या मुलाला शिकवले, आणि त्याला वस्तुनिष्ठता असे नाव दिले.

ही वस्तुनिष्ठता नव्हे. वस्तुनिष्ठता म्हणजे आपण कोठे उभे आहोत ते सांगून मोजणे. उभे राहण्याची जागा लपवून मोजणे ही भीती आहे. आपली जात, आपली चाळ, आपल्या आईचे काम वहीत आले तर वही कमी दर्जाची ठरेल, ही भीती. आणि ती अगदीच निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. अशा वहीला मिळणारे गुण मी पाहिले आहेत.

समाजसहभागाचीही तीच गत. सात दिवसांचे शिबिर पाड्यावर लागते. झाडलोट होते, व्यसनमुक्तीचे पथनाट्य होते, शेवटच्या दिवशी पाहुणे येतात. पाड्यातल्या माणसाला दारू सोडण्याचा उपदेश मिळतो. त्याला वीटभट्टीवर उचल किती मिळाली आणि ती फिटली का, हे कोणी विचारीत नाही. अशोकाने ज्याला निरर्थक मंगल म्हटले, ते हेच. नारळ, दीप, सत्कार, छायाचित्र, अहवाल. विद्यार्थी प्रामाणिक असतात, घाम गाळतात. दोष त्यांचा नाही. त्यांना विधी शिकवला, विचारपूस शिकवली नाही.

३

इथे साहित्याच्या प्रांगणातला एक जुना वाद आठवतो. १९७८ साली दया पवारांचे बलुतं आले, १९८० साली लक्ष्मण मान्यांचे उपरा आले, १९८७ साली लक्ष्मण गायकवाडांचे उचल्या आले. प्रस्थापित समीक्षेने या पुस्तकांचे स्वागत केले खरे, पण एका अटीवर. तुमच्याकडे अनुभव आहे, तो दाहक आहे, तो तुम्ही सांगा; त्याचा अर्थ आम्ही लावू. गोपाळ गुरू यांनी २००२ साली भारतातल्या समाजविज्ञानांविषयी लिहिताना या विभागणीला नाव दिले. सिद्धान्त मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र, अशी वर्णव्यवस्था ज्ञानाच्या क्षेत्रातही आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

पदवीचा प्रकल्प ही त्या वर्णव्यवस्थेची पहिली पायरी आहे. पदवीचा मुलगा घरोघर फिरतो, अर्ज भरून आणतो. ते अर्ज कधी त्याच्या वहीत जातात, कधी दुसऱ्या कोणाच्या मोठ्या प्रकल्पात जातात. दोन्ही ठिकाणी त्याचे काम उचलण्याचे, वाहण्याचे. प्रश्न ठरवण्याच्या बैठकीत तो नसतो. ज्याच्या वाट्याला प्रश्न विचारणे येते पण प्रश्न ठरवणे येत नाही, तो संशोधक नव्हे, संशोधनाचा बलुतेदार आहे.

यावर उपाय म्हणून अनुभवच पुरे, असे म्हणणारे आपल्यातही आहेत. मला ते मान्य नाही. बाबासाहेबांना अनुभव कमी नव्हता. १९१६ च्या मे महिन्यात, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी जातीवर जो निबंध वाचला, त्यात आपल्याला काय सोसावे लागले याची कहाणी नाही. त्यात जातीच्या उत्पत्तीचा सिद्धान्त आहे. जातीतच विवाह करण्याचे बंधन हे जातीचे मूळ, आणि ते बंधन टिकवण्यासाठी विधवेचे आणि बालिकेचे काय केले गेले, याची तर्काने केलेली मांडणी आहे. पूर्वीच्या पंडितांची मते त्यांनी एकेक करून तपासली आणि बाजूला सारली. सोसलेला माणूसच सिद्धान्तकार झाला. आणि पुढे तीन वर्षांच्या आत, १९१९ च्या जानेवारीत, तोच माणूस साउथबरो समितीपुढे अस्पृश्यांच्या राजकीय हक्कांची साक्ष देत होता. पुढच्या वर्षी मूकनायक निघाले. निबंध, साक्ष, वृत्तपत्र. संशोधन कोठे संपले आणि नेतृत्व कोठे सुरू झाले, अशी रेघ या तिघांमध्ये कोणी काढून दाखवावी.

ही वाट एकट्या असामान्य पुरुषासाठीच होती, असेही नाही. १९२४ साली स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात वसतिगृह काढले. तिथली मुले सरस्वती विलास नावाचे मासिक चालवीत. शाळकरी मुले ती. राहायला जागा, खायला अन्न, वाचायला पुस्तक, आणि लिहायला स्वतःचे मासिक. पुढे मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात विद्यार्थ्यांची पार्लमेंट भरे आणि हिंदू कोड बिलासारखा देशाचा प्रश्न तिच्यापुढे बाबासाहेब स्वतः मांडत.

त्याहून जवळचे उदाहरण मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार यांचे. १९८९ साली त्यांचे आम्हीही इतिहास घडवला हे पुस्तक आले. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून, गाठून, त्यांच्याशी बोलून ते सिद्ध झाले. विद्यापीठांच्या इतिहास विभागांना ज्या बाया दिसल्या नव्हत्या, त्या या दोघींना दिसल्या, कारण त्यांना प्रश्न स्वतःचा होता. पदवीच्या वर्गात संशोधन पद्धती शिकवताना हे पुस्तक पहिल्या दिवशी टेबलावर ठेवले पाहिजे. कोणाला भेटायचे, कसे विचारायचे, आठवण आणि कागद यांचा मेळ कसा घालायचा, हे त्यातून शिकता येते.

खुद्द भगवानलाल इंद्रजींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर वर्षानुवर्षे लेण्यांतून हिंडून, ठसे घेऊन, लिपी वाचून ते शिकले. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डॉक्टरेट दिली ती नंतर. म्हणजे सोपाऱ्याचा स्तूप शोधणारा माणूस, आजच्या नियमांत, संशोधनासाठी अपात्र ठरला असता.

४

नियमांचा विषय निघालाच आहे, तर मुख्य दाराकडे येऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार, पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के आणि त्याहून अधिक गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी संशोधनाची शाखा घेता येते. चार वर्षांची पदवी घेऊन थेट पीएच.डी.ला जाण्यासाठीही ७५ टक्क्यांचीच अट आहे. तिथे अनुसूचित जाती-जमातींना आणि इतर मागासांना पाच टक्क्यांची सवलत आहे. २०२४-२५ साली पहिल्या वर्षाला बसलेली तुकडी २०२७-२८ साली या चौथ्या वर्षाला पोचायची आहे.

हे ७५ टक्के कशाचे मोजमाप आहे? पाठांतराचे, वेळेचे, इंग्रजीचे, आणि घरात टेबल असण्याचे. संशोधनाचा कल त्यातून कळत नाही. सकाळचे महाविद्यालय करून दुपारी वालीवच्या गाळ्यात पॅकिंगला जाणारी मुलगी, किंवा डहाणू-बोईसरकडून गाडीला लोंबकळत येणारा मुलगा, ६२ टक्के मिळवतो. त्या ६२ टक्क्यांत एक नोकरी, एक प्रवास आणि एक घर आहे. ज्याच्याकडे यांपैकी काही नाही, त्याचे ७६ टक्के आणि याचे ६२ टक्के एका काट्यावर तोलणे याला गुणवत्ता म्हणतात. फुल्यांनी हंटरपुढे मांडलेल्या तक्रारीचे हे नवे रूप आहे. दार उघडे आहे, उंबरठा तेवढा उंच केला आहे.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे मागासवर्गीय विद्यार्थ्याला संशोधनासाठी जी अधिछात्रवृत्ती मिळते, ती बहुतेक पीएच.डी.च्या टप्प्यावर. पदवीच्या टप्प्यावर मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. ती शिकण्यासाठी आहे, आणि ती वर्ष संपत आले तरी हाती पडत नाही, हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणजे जो मुलगा पदवी आणि पदव्युत्तर अशी पाच-सहा वर्षे कसाबसा तग धरील, त्याला शेवटी संशोधनाचे पैसे. मधे जे गळाले, ते गळाले. कोणता प्रश्न घेऊन ते गळाले, याची नोंद कोणी ठेवत नाही.

अमेरिकेतल्या काळ्या समाजाने हा प्रश्न कसा हाताळला ते पाहण्यासारखे आहे. रोनाल्ड मॅकनेअर हा दक्षिण कॅरोलायनातल्या लेक सिटीचा काळा मुलगा. १९५९ साली, नऊ वर्षांचा असताना, गोऱ्यांच्या ग्रंथालयातून पुस्तके घेतल्याशिवाय जाणार नाही म्हणून तो अडून बसला. पोलीस बोलवावे लागले. चवदार तळ्याचे पाणी आणि लेक सिटीचे पुस्तक यांची जात एकच. हा मुलगा पुढे पदार्थविज्ञानात डॉक्टर झाला, अंतराळवीर झाला आणि २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यानाच्या अपघातात गेला. त्याच्या नावाने अमेरिकी सरकारने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी योजना सुरू केली. ज्यांच्या घरात पहिल्यांदाच कोणी पदवीला पोचले आहे आणि उत्पन्न कमी आहे, किंवा ज्यांच्या समाजाला उच्च शिक्षणात जागा कमी मिळाली आहे, अशांना पदवीच्या काळातच मार्गदर्शक प्राध्यापक, संशोधनाची संधी, विद्यावेतन आणि डॉक्टरेटपर्यंतची तयारी. मॅकनेअरचे बालपण ज्या ग्रंथालयाने अडवले, त्या इमारतीला आज त्याचे नाव आहे.

त्या देशाचे गोडवे मला गायचे नाहीत; तिथल्या काळ्या माणसाचे मरण स्वस्त आहे, हे आपण पाहतोच. पण एक तत्त्व तिथे मान्य झाले. संशोधक हा निवडायचा नसतो, घडवायचा असतो; आणि घडवायचे तर पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी पैसा आणि माणूस दोन्ही पुरवावे लागतात. बाबासाहेबांच्या बाबतीत मुंबई विद्यापीठाची १९१२ ची बी.ए. आणि कोलंबियाचा निबंध यांच्यामध्ये सयाजीरावांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती उभी होती. ती वगळून त्यांच्या बुद्धीचे पोवाडे गाणारे लोक अर्धा इतिहास सांगतात.

५

आता नेतृत्व. महाविद्यालयीन नेतृत्व विकास म्हणजे आज व्यक्तिमत्त्व विकास. हस्तांदोलन कसे करावे, मुलाखतीत कसे बसावे, व्यासपीठावर कसे बोलावे. ही कौशल्ये वाईट नाहीत. आमच्या मुलांना ती यावीत. पण नेता म्हणजे छान बोलणारा माणूस नव्हे. नेता म्हणजे ज्याला इतरांनी निवडले आहे आणि इतर ज्याला जाब विचारू शकतात, तो.

महाराष्ट्रात १९८९ साली मुंबईत एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा निवडणुकीच्या वैरातून खून झाला. त्यानंतर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयांतल्या थेट निवडणुका गेल्या आणि वर्गात पहिला येणारा वर्गप्रतिनिधी होऊ लागला. हिंसा थांबवायची गरज होती, यात शंका नाही. पण औषध असे निघाले की मतदारच नाहीसा झाला. गुणांच्या यादीने प्रतिनिधी ठरू लागला. पुन्हा तीच टक्केवारी. संशोधनाच्या दाराशी टक्के, नेतृत्वाच्या दाराशीही टक्के. २०१६ च्या कायद्याने निवडणुकीची तरतूद परत आणली. तरतूद कागदावर आणणे आणि मतपेटी वर्गात आणणे यांत मात्र फार अंतर राहिले.

आणि जिथे विद्यार्थी खरोखर संशोधक आणि नेता दोन्ही झाला, तिथे काय घडले? हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला पीएच.डी.चा विद्यार्थी होता आणि आंबेडकर स्टुडंट्स असोसिएशनचा कार्यकर्ता होता. विद्यापीठाला त्याच्यातला संशोधक हवा होता, कार्यकर्ता नको होता. त्याला आणि त्याच्या चार साथींना वसतिगृहातून काढले गेले. १७ जानेवारी २०१६ रोजी त्याने जीव दिला. नेतृत्व विकासाची परिपत्रके वाचताना हे नाव आठवत नसेल, तर ती परिपत्रके कोणासाठी आहेत, असे विचारावे लागेल.

नेतृत्व कसे घडते याचा धडा वसई तालुक्याजवळ आहे. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा. इथे १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली ती आदिवासी वेठबिगारांच्या प्रश्नावर. वेठबिगार सिद्ध करायचा म्हणजे काय करायचे? कोणाच्या लग्नासाठी किती कर्ज काढले, किती वर्षे राबला, दिवसाला काय मिळाले, घर सोडून जाता येत होते का, हे माणसागणिक विचारून मांडायचे. हे संशोधनच आहे. आणि मालकाच्या तोंडावर ते सांगायला तो माणूस उभा राहिला, हे नेतृत्व. अक्षर न येणाऱ्या माणसाने जे केले, ते पदवीच्या वर्गाला शिकवण्यासारखे आहे. आपण मात्र पदवीच्या वर्गाला त्याच माणसाकडे पथनाट्य घेऊन पाठवतो.

६

दोन आक्षेप मला ठाऊक आहेत. कार्यकर्ते मित्र म्हणतात, तळटिपा लिहून क्रांती होत नाही; मुलांना रस्त्यावर आणा. त्यांना माझे उत्तर असे की, रस्त्यावर आणलेल्या मुलाच्या हातात जर स्वतः काढलेला आकडा नसेल, तर त्याला दुसऱ्याची घोषणा द्यावी लागते. पालक म्हणतात, आधी नोकरी लागू द्या. त्यांचे म्हणणे मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात पगार कधी आला नाही, त्या घराने पगाराची घाई करावी यात लाज नाही. म्हणूनच संशोधनाला पैसे दिले पाहिजेत, अशी माझी मागणी आहे. फुकट संशोधन ही श्रीमंताची चैन आहे.

करण्यासारखे काय आहे? चौथ्या वर्षाच्या संशोधनासाठी टक्क्यांच्या अटीऐवजी विद्यार्थ्याचा प्रश्न आणि त्याने केलेले थोडे काम पाहावे. दुसऱ्या वर्षापासून, दुपारची नोकरी सोडता येईल एवढे विद्यावेतन द्यावे. प्रकल्प मराठीत लिहू द्यावा, आणि मुलाखती वारली, कातकरी, कादोडी, वाडवळी अशा बोलींत असतील तर त्या तशाच उतरू द्याव्यात. वहीत कर्ता असावा. मी कोण, कोठे राहतो, हे पहिल्या पानावर यावे आणि मग मोजमाप सुरू व्हावे. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, वही परीक्षकाकडे जाण्याआधी ज्या चाळीत, ज्या पाड्यावर माहिती घेतली, तिथे ती वाचून दाखवावी. तिथली बाई उठून म्हणाली की हे खोटे आहे, तर ते वाक्य बदलावे लागेल. ती परीक्षा उत्तीर्ण झाली की पुढची परीक्षा सोपी आहे. संशोधन आणि नेतृत्व यांची गाठ त्याच ठिकाणी पडते, कारण लोकांपुढे उभे राहून जाब देणे हे दोन्हींतले समान काम आहे.

प्रश्नांना इथे तोटा नाही. मिठागरे बुजली तेव्हा मीठ काढणारा कोठे गेला? वसई-विरारची गटारे कोणत्या वस्तीतली माणसे साफ करतात, आणि कोणाच्या नोंदीत? पाड्यातली मुलगी दहावीनंतर कोणत्या इयत्तेत, कोणत्या महिन्यात शाळा सोडते? नव्या अभ्यासक्रमात भारतीय ज्ञानप्रणाली नावाचा विषय आला आहे. तर सोपाऱ्याचा शिलालेख त्या प्रणालीत आहे की नाही, आणि असेल तर कोणत्या पानावर, हाही एक चांगला प्रकल्प होईल. नालासोपाऱ्याला रोज लाखो लोक उतरतात. स्तूप स्टेशनपासून फार लांब नाही. पदवीच्या किती विद्यार्थ्यांना तिथे नेले गेले, हे त्यांनी स्वतःच आपल्या महाविद्यालयात विचारावे.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती एवढीच आहे. येत्या वर्षी प्रकल्पाचे विषय वाटून देऊ नका. यादी फळ्यावर लिहू नका. मुलांना आठ दिवस द्या आणि सांगा की, तुमच्या घरातला, वस्तीतला, गाडीतला जो प्रश्न तुम्हाला झोपू देत नाही, तो एका वाक्यात लिहून आणा. काहींना वाक्य सापडणार नाही, काहींना लाज वाटेल. थांबा. ज्या दिवशी ते वाक्य वर्गात मोठ्याने वाचले जाईल आणि दुसरा कोणी म्हणेल की हा माझाही प्रश्न आहे, त्या दिवशी दोघे मिळून माहिती काढायला निघतील. त्यांना बसभाडे द्या, वही द्या, आणि परत आल्यावर त्यांचे ऐकून घ्या.